गोविंदरावांना वाघ दिसू नये म्हणून

एका अंकाच्या संपादकांचा फोन आला, "वाघाचा एखादा थरारक अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, वाघांवर लिहिणाऱ्यांची संख्या आता वाघांपेक्षा जास्त झाली आहे, त्यात माझी भर कशाला? शिवाय वाघ दिसतो तेव्हा थरार वगैरे फारसा होत नाही. गाडीतली माणसं एकमेकांच्या डोक्यांमधून मोबाइल पुढे करतात, वाघ रस्ता ओलांडतो, आणि मागच्या सीटवरचा कोणीतरी "मले दिसलाच नाई" म्हणून पुढचा सगळा प्रवास माझ्याशी बोलत नाही. झाला अनुभव.

"मग काय लिहाल?" संपादकांनी विचारलं.

"वाघ दिसू नये म्हणून मी एकदा जी धडपड केली, ती लिहितो."

ते जरा नाराज झाले, पण त्यांची पानं मोकळी होती.

मी अमरावतीत जंगल-सहली नेण्याचा धंदा केला. आता तो पुतण्या चालवतो आणि मी ऑफिसात बसून त्याच्या चुका काढतो. बाहेरच्यांना वाटतं की आम्ही लोक जंगल विकतो. पण जंगल सरकारचं असतं, गाडी भाड्याची असते आणि प्राणी कोणाचेच नसतात. साडीवाला पदर उलगडून दाखवू शकतो, खानावळवाला ताट समोर मांडू शकतो; आम्ही फक्त "शक्यता आहे" एवढंच म्हणू शकतो, आणि तेही चेहरा होईल तितका गंभीर ठेवून. वाघ दाखवणं हे या धंद्यातलं कौशल्य नव्हेच, कारण ते वाघाच्या हातात असतं. वाघ न दिसलेली माणसं आनंदात घरी पोचवणं, हे कौशल्य. मेळघाटात सेमाडोहला सकाळच्या फेरीत काही दिसलं नाही तर मी दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी ठेवत असे. रोडग्यात तूप मुरेपर्यंत निम्म्या लोकांना वाघाचा विसर पडलेला असायचा.

मोठ्या लोकांची तऱ्हा वेगळी. एकदा जंगलात फार मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्या पायाखाली पाचोळा येऊ नये म्हणून कोणा उत्साही माणसानं पहाटेच वाट झाडून घेतली, खराट्यानं, अगदी लग्नाच्या मांडवासारखी. पाचोळ्याबरोबर वाटेवरचे पंजांचे ताजे ठसेही गेले. पाहुणे आले, त्या स्वच्छ धुळीकडे पाहून म्हणाले, "इकडे जनावरांचा वावर कमी दिसतो." सगळ्यांनी माना हलवल्या. जाताना त्यांनी स्वच्छतेचं कौतुक केलं.

सहलींबरोबर मी दर हिवाळ्यात शाळेतल्या मुलांची शिबिरंही सेमाडोहला नेत असे. चार दिवस पक्षी पाहायचे, ओढ्यात पाय बुडवायचे, शेकोटीशी गाणी म्हणायची आणि घरी जाऊन सगळं विसरायचं. आमच्या धंद्यात विसरणारं गिऱ्हाईक चांगलं. ते पुन्हा येतं. न विसरणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा बाप येतो.

तसे एके दिवशी गोविंदराव आले. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान, आणि शहराबाहेर मोर्णेच्या काठी शेत. झेंडू, शेवंती, कडेला थोडी मेथी-पालक. पांढरा सदरा, टोपी, खिशात तंबाखूची पुडी. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "तुमीच ना ते सेमाडोहवाले सर?"

"हो."

"माही पोट्टी तुमीच बिघडवली."

डास, चहा आणि वाघ यांच्याविषयीच्या तक्रारींना माझी उत्तरं तयार असतात. या तक्रारीला मी पाणी पुढे केलं. पाणी पिऊन त्यांनी सांगितलं ते असं: मुलगी अश्विनी, नववीत असताना माझ्या शिबिराला आली होती. तिथून आल्यावर छतावर बसून बगळे पाहू लागली. मग अमरावतीला विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतलं. मग दक्षिणेतल्या एका वर्षावनात, राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी आतल्या भागात, धनेश पक्ष्याच्या अभ्यासाच्या कामावर गेली. दोन वर्षं झाली, तिथेच आहे.

"लोक इचारतात, गोविंदराव, पोरगी काय करते? काय सांगू त्यायले? झाडाकडे पाहून राह्यली म्हनू?"

"पक्ष्याचा अभ्यास करते म्हणा."

"म्हटलं. तं म्हनतात, दोन वर्सं झाले, अजून नाई झाला काय पाहून?"

मग त्यांनी खरा मुद्दा काढला. अकोल्यातल्या एका कॉलेजात जूनपासून शिकवण्याची जागा रिकामी होणार होती. ओळखीच्या माणसानं शब्द दिला होता. पंख्याखाली बसून शिकवायचं, संध्याकाळी घरी यायचं, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना सांगता येईल असं काहीतरी असायचं. अश्विनी नाही म्हणत नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, एकदा येऊन पाहा. पाहून तुम्ही जे म्हणाल ते मी करीन."

"मंग म्या म्हटलं," गोविंदराव म्हणाले, "ज्यानं पोरगी जंगलात नेली, त्याच्याच संगं जाऊन वापस आनू."

योगायोग असा की त्या एप्रिलमध्ये मी त्याच उद्यानात एक छोटा गट नेणार होतो. उद्यानाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथे आपल्याकडच्या दोन बसगाड्या उभ्या राहतील आणि त्यांच्या टपावर भांडी असतील. गोविंदरावांनी स्वतःचं आणि पत्नीचं, कुसुमताईंचं, नाव नोंदवलं.

दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला. "सर, बाबा येताहेत म्हणे तुमच्यासोबत. काहीतरी चांगलं दाखवा ना त्यांना."

"वाघाची शक्यता आहे का तिकडे?"

"वाघ नको, सर!" ती जवळजवळ ओरडली. "वाघ दिसला तर ते मला त्याच संध्याकाळी गाडीत घालतील. हत्ती पण नको. साप तर अजिबात नको."

"मग काय दाखवू? मुंग्या?"

"बघा ना. काहीतरी... अंगावर न येणारं."

म्हणजे ज्या वस्तूसाठी लोक मला पैसे देतात, तीच दिसू नये अशी सोय मला करायची होती. मुलीचं काम टिकणार की नाही हे त्यावर होतं, आणि तिला या कामाकडे वळवण्यात माझा हात होता हे मुलीचा बाप मला अकोला स्टेशनापासून ऐकवत होता.

वर्षावन म्हणजे काय, हे मेळघाट पाहिलेल्या माणसाला सांगणं कठीण आहे. आपला साग उन्हाळ्यात पानं गाळून मोकळा होतो. जंगल आरपार दिसतं, ओढे आटतात, आणि उरलेल्या पाणवठ्यावर जनावरांना यावंच लागतं. आपण जवळ लपून बसायचं, बस. वर्षावनात पानं गळत नाहीत. झाडं इतकी उंच की वरचं सगळं राज्य वरच्यावर चालतं. प्राणी असतात, पण ते तुमच्या डोक्यावर फळं खात असतात आणि खाली फक्त साली पडतात. समोर हिरवी भिंत. तिच्यामागून कोणीतरी शीळ घालतं, कोणीतरी खोकतं, कोणीतरी फांद्या हलवतं, आणि दिसत कोणीच नाही. पाहण्यासाठी आलेल्या माणसाला तिथे बहुतेक वेळ ऐकत बसावं लागतं.

आमच्या गटात प्रभाकरराव होते. एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. त्या खात्याचा जंगलाशी काही संबंध नव्हता, पण निवृत्तीनंतर त्यांनी कार्डावर "वन्यजीव अभ्यासक" छापून घेतलं होतं. अंगात खाकी जाकीट, त्याला मोजता येणार नाहीत इतके खिसे. त्या खिशांत काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाणवठ्यावर मचाणात बसण्याचा त्यांचा अनुभव मात्र दांडगा होता, आणि तो ते सांगतही दांडगाच.

पहिल्या दुपारी आम्ही एका झऱ्यापाशी पोचलो. प्रभाकररावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "एप्रिल महिना. भर उन्हाळा. पाणी समोर. आता कोणी हलायचं नाही. जनावर इथेच येणार."

आम्ही बसलो. खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. उभा जन्म ज्या विद्येवर जेवलो ती विद्या माणूस पाचशे मैल दूर गेला म्हणून सुटत नाही. सगळे झुडपाआड चिडीचूप. प्रभाकरराव डोळ्यांना दुर्बीण लावून. पाण्यावर कोणीच येत नव्हतं. थोड्या वेळानं पाऊस आला, आणि पावसाबरोबर जळवा आल्या. बुटांच्या नाड्यांवरून, पायमोज्यांतून, सदऱ्याच्या बाहीतून. एवढ्या वेळात पाण्यावर आलेले तेवढेच वन्यप्राणी.

उद्यानाचा वाटाड्या वेलू मागे उभा होता. त्यानं अश्विनीला त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. ती आमच्या गटाला भेटायला म्हणून आली होती. तिला हसू आवरेना.

"काय म्हनते तो?" गोविंदरावांनी विचारलं.

"विचारतोय, ही माणसं कशाची वाट पाहताहेत."

प्रभाकरराव कुजबुजले, "त्याला सांगा, जनावर पाणी प्यायला येण्याची."

आता कुसुमताई बोलल्या. ओल्या पदरानं डोकं पुसत, अगदी सहज. "साहेब, ज्याच्या मोरीत बी नळ अन् अंगनात बी नळ, तो कायले हापशीवर येईन? अठी तं जिकडे पाहा तिकडे पानीच हाये."

मग गोविंदराव म्हणाले, "आमच्या अकोल्यात नळ कधी येईन याचा भरोसा नाई ना, म्हनून आमच्या डोक्यातच नाई आलं हे." आणि सगळा गट जळवांसकट हसला. प्रभाकरराव हसले नाहीत. त्यांनी एका खिशाची चेन उघडून पुन्हा लावली.

त्या दिवशी गोविंदरावांची पुडी गटात लोकप्रिय झाली. चिमूटभर ओली तंबाखू लावली की जळू सुटते. कुसुमताई त्यांच्या तंबाखूवर वर्षानुवर्षं टीका करत आल्या होत्या. आता प्रत्येक जण "गोविंदराव, जरा पुडी" म्हणत होता आणि ते पत्नीकडे पाहत उदार हातानं वाटत होते.

पण ज्या कामासाठी ते आले होते ते त्यांनी सोडलं नव्हतं. अभ्यासकांसाठी तिथे पत्र्याच्या तीन खोल्या होत्या, आणि शेजारी पाहुण्यांचं विश्रामगृह. त्यांनी अश्विनीच्या खोलीची तपासणी केली.

"चादरीले बुरशी हाये."

"इथे सगळ्यालाच येते, बाबा."

"भात रोज?"

"रोज."

"भाकर?"

"तुम्ही आणली ना, ती."

"घरी झेंडूच्या फुलाले बी याच्याहून कोरडी जागा देतो मी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं, मी ती चादर भिजवल्यासारखं.

पहिला दिवस तरी निभावला होता. बुरशी, जळवा आणि भात यांवरून मुलगी परत नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो आणि अश्विनीच्या खोलीसमोर थबकलो. दारापासून पाच-सहा पावलांवर हत्तीच्या लिदीचे गोळे पडले होते. वाफ निघत होती. ओल्या मातीत परातीएवढे गोल ठसे, आणि कोपऱ्यातलं केळीचं झाड आडवं.

वेलू कौतुकानं पाहत उभा होता. मी मात्र भराभर एक पोतं आणून लिदीवर टाकलं आणि चपलेनं ठसे पुसू लागलो. आयुष्यभर लोकांना वाकून वाकून ठसे दाखवले, "हे पाहा, हा पंजा, ही बोटं," आणि आता मी ते त्या खराटेवाल्या माणसाच्याच निष्ठेनं मिटवत होतो.

"भाऊ, काय झाकून राह्यले?" मागून कुसुमताई.

"काही नाही. कचरा."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं पोत्याचं टोक उचललं. "हत्ती हाये," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहाटे मले झाड मोडल्यावानी आवाज आला. म्या अश्विनीच्या बाबाले नाई सांगितलं." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बादली उचलली. "तुमी तिकडचे पुसा. मी अठी पानी टाकते."

आम्ही दोघांनी बरंच काम उरकलं होतं. तेवढ्यात जाकीट घालून प्रभाकरराव सकाळच्या फेरीला निघाले. त्यांना पोतं दिसलं. अभ्यासकाच्या सहजप्रवृत्तीनं त्यांनी ते उचललं, आणि काल पाणवठ्यावर गेलेली अब्रू त्यांना समोर वाफाळताना दिसली.

"हत्ती!" ते सभेतल्या आवाजात म्हणाले. "मंडळी, या सगळे! ताजी लीद! प्रौढ नर असावा. अगदी दारातून गेलाय, दारातून!"

मंडळी आली. गोविंदरावही आले. ते लिदीकडे पाहत नव्हते. लिदीपासून दारापर्यंतचं अंतर पाहत होते. अश्विनी बाहेर आली.

"याच दारातून निंघतं तू? सकायी?"

"हो, बाबा. हत्ती त्यांच्या वाटेनं जातात. आम्ही आमच्या."

"वाट तं एकच दिसून राह्यली मले."

कुसुमताई वातावरण सावरायला म्हणाल्या, "खत मात्र झकास होईन याचं." कोणी हसलं नाही.

"बॅग भर," गोविंदराव म्हणाले.

अश्विनीनं वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालेल. ती म्हणाली, "भरते. तुम्ही म्हणाल ते करीन असं कबूल केलंय. पण उद्या. आजची पाळी माझी आहे. माझा जोडीदार तापानं पडलाय. आज घरट्याशी कोणी बसलं नाही तर आजचा दिवस कोराच राहील."

"राहू दे कोरा."

"दसऱ्याच्या दिवशी तुम्ही कधी दुकान बंद ठेवलंय?"

गोविंदरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मी येतो संगं. एकटी नाई जाऊ देत."

अशा रीतीनं हत्तीपासून मुलीचं रक्षण करायला खिशात तंबाखूची पुडी घेऊन बाप निघाला, आणि त्या बापापासून मुलीचं रक्षण करायला मी. वेलू पुढे होता, कारण आम्हा दोघांच्या रक्षणावर त्याचा विश्वास नव्हता.

घरटं म्हणजे एका प्रचंड झाडाच्या खोडात, खूप वर, एक ढोली. तिचं तोंड मातकट लेपानं बंद, मधे फक्त उभी फट. बऱ्याच अंतरावर गोणपाट आणि फांद्या लावून आडोसा केलेला. त्यात बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि त्या फटीकडे पाहायचं. अश्विनीचं काम एवढंच. कोण आलं, काय आणलं, कितीदा दिलं. गोविंदराव लोकांना जे सांगायला लाजत होते ते तंतोतंत खरं होतं. मुलगी झाडाकडे पाहत होती.

फूलबाजारात वाढलेल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही. थोड्याच वेळात ते माझ्या कानाशी आले. "आत काय हाये?"

अश्विनीनंच कुजबुजत सांगितलं. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवून. नर महिनोन्‌महिने बाहेरून फळं आणून देतो. पिल्लू जरा मोठं झालं की मादी दार फोडून बाहेर येते, आणि मग पिल्लू एकटं आतून ते दार पुन्हा लिंपून घेतं. या घरट्यातली मादी मागच्या आठवड्यात बाहेर आली होती. आता आत फक्त पिल्लू.

"पिल्लानं सोताच कडी लावली?"

"हो, बाबा."

"तू नाई लावत होती? अभ्यासाले बसली का आतून कडी. तुही माय दार ठोकून ठोकून थके."

अश्विनीनं तोंडावर हात दाबला. आडोसा हलला. वेलूनं आमच्याकडे रागानं पाहिलं.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी माझ्या धंद्यातलं "काहीच झालं नाही" पुष्कळ पाहिलं आहे, आणि त्यात माणसं कशी चुळबुळतात तेही. गोविंदराव मात्र स्थिर होत गेले. दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकाची वाट पाहणं हे त्यांना नवीन नव्हतं.

आधी आवाज आला. लोहाराचा भाता चालावा तसा, वरून, जवळ येत. गोविंदरावांनी माझा गुडघा धरला. आणि तो पक्षी फांदीवर उतरला. काळापांढरा, गिधाडाएवढा, पिवळी धमक चोच आणि चोचीवर आणखी एक चोच उलटी ठेवल्यासारखं शिरस्त्राण. फटीपाशी लटकून त्यानं मान झटकली. घशातून एक फळ चोचीच्या टोकावर आलं. ते त्यानं फटीत दिलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा फळ. आतून एक लहान चोच येई, घेई, जाई.

"अबाबाबा," गोविंदराव श्वासातल्या श्वासात म्हणाले.

एक फळ आतून घेतलं गेलं नाही. पक्ष्यानं ते परत गिळलं, थोडा थांबला, पुन्हा काढून पुढे केलं.

"पोट भरलं असन त्याचं."

"असेल."

"तरी देऊन राह्यला."

पक्षी उडाला. आवाज दूर गेला.

"आता कुठी जाते?"

"फळांची झाडं दूर दूर असतात, बाबा. जिथे मिळतील तिथे."

"रोज?"

"रोज."

"सुट्टी?"

"नाही."

"पोळ्याले बी नाई?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं, कारण भात्याचा आवाज पुन्हा येत होता. या खेपेला मादी होती. अश्विनी पुढे झुकून पाहत होती. तिच्या मनगटावर जळू चढली होती, चांगली टपोरी झालेली, आणि तिचं लक्ष नव्हतं. गोविंदरावांचं होतं. त्यांनी हळूच पुडी काढली, बोट तोंडात ओलं करून त्यावर तंबाखू घेतली आणि मुलीचा हात न हलवता त्या जळवेला लावली. जळू गळून पडली. अश्विनीला कळलंही नाही. पक्षी जाईपर्यंत ते तिच्याकडे पाहत होते. मी दुसरीकडे पाहिलं.

परतताना वाटेत त्यांनी विचारलं, "हे पिल्लू बाहेर कधी निंघते?"

"तीनेक आठवडे. थोडं मागेपुढे."

ते पुष्कळ चालले. मग म्हणाले, "मंग असं कर. ते निंघेपर्यंत थांब. अर्ध्यावर सोडनं बरं नाई दिसत. पन निंघालं का दुसऱ्या दिवशी गाडीत बसायचं. कॉलेज जूनमंधी हाये."

"बरं, बाबा."

जेवताना प्रभाकररावांनी विचारलं, "काय गोविंदराव, काही दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं."

"काय?"

"दार," गोविंदराव म्हणाले आणि भात कालवू लागले.

परतीच्या गाडीत मी फार समाधानी नव्हतो. तीन आठवड्यांची मुदत म्हणजे नकारच, फक्त जरा प्रेमानं दिलेला. आमच्या धंद्याला खरं तर हे कळायला हवं. आम्ही माणसांना चार दिवस जंगल दाखवतो आणि परत आणून घराच्या दारात सोडतो. परत आणणं हे तिकिटातच धरलेलं असतं. एखादी मुलगी परत येत नाही तेव्हा तिच्या वाटचं उरलेलं भाडं कोणीतरी घरी बसून भरतं. शिबिराच्या जाहिरातीत हे आम्ही कधी छापलं नाही.

मे महिन्याच्या मधल्या एका सकाळी अश्विनीचा फोन आला. आवाज आनंदाचा होता आणि नव्हताही. "सर, पिल्लू बाहेर आलं. आज सकाळी. बाबांना तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर ते आधी तिकीट काढतील."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी एसटीनं अकोल्याला गेलो. उन्हानं डांबर चिकटत होतं. जुन्या शहरातल्या गल्लीत गोविंदराव दुकानात झेंडूच्या ढिगावर पाणी शिंपडत होते. कुसुमताई खाली बसून हार ओवत होत्या. त्यांनी मला "या सर" म्हणताच शेजारचा नारळवाला ओरडला, "काहो सर, निंघालं का?" समोरच्या पूजासाहित्यवाल्यानंही मान बाहेर काढली. तेव्हा मला कळलं की गोविंदराव रोज संध्याकाळी मुलीला फोन करत होते, मुलगी कशी आहे हे एका शब्दानं न विचारता पिल्लानं काय खाल्लं हे विचारत होते, आणि ती बातमी मग गल्लीभर जात होती.

"निघालं," मी म्हटलं. "आज सकाळी."

"निंघालं!" गोविंदरावांनी पाण्याचा तांब्या वर केला. नारळवाल्यानं टाळी वाजवली. कोणीतरी चहा सांगितला. "म्या म्हटलंच होतं, या आठवड्यात निंघते म्हनून. दार कसं फोडलं? एकट्यानंच?"

मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. मग चहा आला, आणि चहा पिता पिता ते हळूहळू गप्प झाले. कुसुमताईंनी वर पाहिलं नाही, पण त्यांची सुई थांबली होती. काय ठरलं होतं ते तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

गोविंदरावांनी कप खाली ठेवला. "उडालं म्हन्जे किती उडालं?"

"ढोलीतून शेजारच्या झाडावर."

"बस? शेजारच्या?"

"पहिला दिवस आहे."

"मंग ते उडनं नाई झालं. ते तं नुसतं निंघनं झालं." त्यांनी नारळवाल्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. "अन् खाते काय? सोता शोधते?"

"नाही. अजून आईबापच भरवतात म्हणे. बरेच दिवस, काही महिनेसुद्धा."

"काही महिने." त्यांनी मूठभर झेंडू उचलला, खालवर करून पाहिला, पुन्हा ढिगावर टाकला. "मंग बरोबर हाये. तिले सांगा, अशा टायमाले येऊ नको म्हना. कोनाचं लेकरू असं उघड्यावर टाकून येते काय मानूस? दिवाळीले ये म्हना. तवा झेंडूची गर्दी असते, मले बी हाताखाली मानूस लागते."

"अन् कॉलेजची जागा?" कुसुमताईंनी विचारलं.

"भरीन कोनीतरी. मास्तराची काय कमी हाये अकोल्यात?"

कुसुमताईंनी सुईत नवं फूल घेतलं. "अन् दिवाळीपर्यंत त्याले धड उडता नाई आलं तं?"

गोविंदरावांनी तांब्यात हात बुडवला आणि फुलांवर पाणी मारलं.

"तं मंग पुढल्या दिवाळीले."